आडमुठा भाडेकरू नावाची दंतकथा

मुंबईत पुनर्विकासाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "सगळं मंजूर आहे हो, दोन घरं अडून बसलीत." बोलणारा विकासक असतो, म्हाडातला अभियंता असतो, बातमीदार असतो; पुष्कळदा त्याच चाळीतला, सही करून मोकळा झालेला शेजारीही असतो. गेल्या तीसेक वर्षांत या वाक्याचं धोरण झालं आहे. संमतीची टक्केवारी उतरवा, हरकतींची मुदत आखडती घ्या, सुनावण्या उरका, म्हणजे शहर झपाट्यानं नवं होईल, असं त्या धोरणाचं सार. सगळ्या पक्षांच्या सरकारांनी ते कमीअधिक प्रमाणात मानलं आणि मध्यमवर्गानं मान डोलावली. हे मत अन्यायाचं आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत. माझा आक्षेप त्याहून साधा आहे: ते खरं नाही. ज्या वेगासाठी ते मांडलं जातं, तो वेगही त्यातून हाती लागलेला नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. १९६९ च्या कायद्यानं मुंबई शहरातल्या जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला, तेव्हाच्या मूळ गणतीत अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यातल्या १६,५०२ इमारती १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या. लाकडी तुळया, टेकूंवर तोललेले जिने, शेवटच्या मजल्यावर ताडपत्री. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. तिथे तर एका ट्रस्टचा सोळा एकरांवरचा पुनर्विकास प्रकल्प चालू होता, काही कुटुंबं आधीच दुसरीकडे हलली होती, उरलेली हलली नव्हती. पूर्वपक्ष विचारतो, आणि विचारण्याचा त्याला हक्क आहे, की एका घराच्या नकाराची किंमत शेजारच्या दहा घरांनी जिवानं का मोजावी? वारसांची भांडणं असतात, गाळेवाले जास्तीचे चौरस फूट मागतात, विरोधाचं दुकान उघडून नंतर ते विकणारेही असतात. हे सगळं घडतं. पण रखडपट्टीचं मुख्य कारण हेच आहे का, एवढाच प्रश्न आहे.

कायद्याकडे पाहिलं तर अडून बसणाऱ्याच्या हातात फारसं काही उरलेलंच नाही. म्हाडा कायद्याचं कलम ९५-अ सांगतं की मालकाच्या योजनेला ठरलेल्या प्रमाणात भाडेकरूंची संमती मिळाली आणि मंडळानं ना-हरकत दिली, की बाकीच्यांना जागा सोडावी लागते. न सोडल्यास मंडळ त्यांना बाहेर काढू शकतं. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली लागणारी संमती ७० टक्क्यांवरून ५१ वर आली. झोपडपट्टी योजनेतही ७० चे ५१ झाले. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी २००९ च्या शासन निर्देशात तीन चतुर्थांश सभासदांची संमती लागत असे. ४ जुलै २०१९ च्या सुधारित निर्देशात तीही ५१ टक्क्यांवर आली. सर्वसाधारण सभेत बहुमतानं घेतलेला पुनर्विकासाचा निर्णय अल्पमतावर बंधनकारक आहे, असं मुंबई उच्च न्यायालय २००९ पासून सांगत आलं आहे. म्हणजे नकाराधिकार कधीच संपला. (जाता जाता: संस्थांसाठीचे हे निर्देश सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली निघतात, आणि म्हाडा कायद्यातही आता एक कलम ७९-अ आहे, ज्याचा विषय निराळा. दोन्हींची गल्लत करणारे वकीलसुद्धा मला भेटले आहेत. सामान्य सभासदानं कुठे जावं?)

आता रखडलेल्या प्रकल्पांकडे पाहू. गोरेगावच्या सिद्धार्थनगरची पत्राचाळ सगळ्यांना ठाऊक आहे ती राजकीय बातम्यांमुळे. तिचा खरा धडा मात्र त्या बातम्यांत कुठे आला नाही. ६७२ कुटुंबं, आणि २००८ साली रहिवाशांची संस्था, विकासक आणि म्हाडा यांच्यात त्रिपक्षीय करार. चाळ रिकामी झाली. काही वर्षांनी भाडं थांबलं. पुनर्वसनाच्या इमारती अर्धवट राहिल्या आणि विक्रीचा भाग मात्र दुसऱ्या विकासकांच्या नावे गेला. २०१८ मध्ये म्हाडानं करार रद्द करून जमीन परत घेतली. मूळ रहिवाशांना घरांची वाट पाहण्यात दीड दशकाहून अधिक काळ गेला. या कहाणीत अडून बसलेली दोन घरं कुठे आहेत? इथे सगळे तयार होते, आणि तयार होते म्हणूनच अडकले. एखाद्या खवचट भाडेकरूनं २००८ मध्ये विचारलं असतं की भाड्याची हमी कोणाची, विक्रीचा भाग कधीपासून विकता येणार, पुनर्वसनाचं काम आणि विक्री यांची सांगड करारात कुठे घातली आहे, तर त्याला लोकांनी विकासाचा शत्रू ठरवलं असतं. आणि ६७२ घरांवर त्याचे उपकार झाले असते.

पत्राचाळ अपवाद असती तर गोष्ट वेगळी. पण झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या रखडलेल्या २२८ योजना महापालिका, म्हाडा, सिडको, एमएमआरडीए अशा सरकारी संस्थांना भागीदारीत हाती घ्यायला सांगण्याची वेळ शासनावर आली. त्याआधी २०२२ मध्ये अभय योजना काढून पैसे पुरवणाऱ्या वित्तसंस्थांना थेट योजनेत उतरवावं लागलं. दोन्ही उपायांचं निदान एकच होतं: विकासकाकडे पैसा नाही. २०२३ पासून प्राधिकरणानं विकासकाकडून दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करून घ्यायला सुरुवात केली, ती तरी कशासाठी? संमती देऊन घर सोडलेल्या माणसांचं भाडं बुडत होतं म्हणून. सरकारचेच उपाय सरकारच्या मताविरुद्ध साक्ष देतात. तरीही व्यासपीठावरून बोलताना दोष द्यायला तोच एक म्हातारा भाडेकरू सापडतो.

याच मताचं एक सौम्य, सुशिक्षित रूप आहे. "माहिती तर सगळी जाहीर केलेली असते, लोकच वाचत नाहीत." जाहीर केलेली असते हे खरं. राजपत्रात असते, दोन वर्तमानपत्रांत मागच्या पानावर भिंगानं वाचावी लागेल अशा टायपात असते. तिथे तुमच्या चाळीचं नाव नसतं, गल्लीचं नसतं, सी.टी.एस. क्रमांक आणि महसुली विभाग असतो. तीन पिढ्या त्या घरात काढलेल्या बाईला आपल्या जमिनीचा सी.टी.एस. क्रमांक पाठ असावा अशी अपेक्षा आहे. उलट जी बातमी ठळक मिळते ती भूमिपूजनाची: फ्लेक्स, आठ चेहरे, एक कुदळ. दोन्हींच्या मध्ये कामाची माहिती हरवते. परिशिष्ट-२ म्हणजे पात्र-अपात्रांची यादी कोणत्या कार्यालयात लागली आहे? नाव नसेल तर अपील कोणाकडे आणि किती दिवसांत? जमीन महापालिकेची असेल तर सक्षम प्राधिकारी एक, जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर दुसरा, म्हाडाची असेल तर तिसरा. मग माणूस चुकीच्या खिडकीपुढे उभा राहतो आणि मुदत निघून जाते.

माहिती अधिकार कायदा म्हटलं की आपल्याला दहा रुपयांचा अर्ज आठवतो. २००५ च्या त्या कायद्याचा कणा खरं तर अर्जाच्या आधीच्या कलम ४ मध्ये आहे. लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं ठरवताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्यं प्राधिकरणानं आपणहून प्रसिद्ध करायची, आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणं द्यायची, असं ४(१)(क) आणि (ड) सांगतात. कोणी मागितली तर, असं त्यात नाही. शिवाय २०२२ च्या स्वतंत्र कायद्यानं स्थानिक प्राधिकरणांनाही कामकाजात मराठी बंधनकारक झाली, तेव्हा हे सगळं मराठीत सांगण्यात सवलत मागायलाही जागा नाही. महानगरपालिका कायद्यांत २००९ साली दुरुस्ती करून क्षेत्रसभांची तरतूद झाली होती. मतदान केंद्राच्या टापूतल्या लोकांनी एकत्र बसून वस्तीचे प्रश्न बोलायचे, अशी कल्पना. ती कागदावर राहिली. मुंबईत तर ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. नगरसेवक कसाही असो, नोटीस हातात घेऊन "हे काय आहे ते सांगा" असं विचारायला तो वॉर्डातलं एक हक्काचं दार होता. धारावीच्या सर्वेक्षणापासून शेकडो सोसायट्यांच्या पाडकामापर्यंत सगळी घाई नेमकी त्या दाराला कुलूप असतानाच्या काळातली आहे.

धारावीचंच पाहा. "कोणीही बेघर होणार नाही" असं पुन्हापुन्हा सांगितलं जातं. ते खरं मानलं तरी त्या वाक्याचा घरातल्या माणसाला उपयोग काय? १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर. त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्याला पैसे भरून धारावीबाहेर. वरच्या माळ्यावर राहणाऱ्याला भाडे-खरेदी पद्धतीनं, तेही बाहेर. एकाच खोलीच्या खाली आणि वर राहणाऱ्या दोन भावांची नशिबं सर्वेक्षणाच्या अर्जातल्या एका ओळीवर फुटतात. दादरला शाळा, माहीमला धुणीभांडी, ९० फुटी रस्त्यावर शिलाईचं काम अशी गणितं असलेल्या घराला "बेघर होणार नाही" नको असतं, "कुठे" हवं असतं. ते कळेपर्यंत सर्वेक्षणवाल्याला दार न उघडणं याला आडमुठेपणा म्हणायचं असेल तर म्हणा. मी त्याला शहाणपणा म्हणतो.

इथवर खंडन झालं. मंडनासाठी मुंबईच्याच जुन्या दप्तरात डोकवावं लागतं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्यानं दाट वस्त्या कापून रुंद रस्ते काढले. मग १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, आलं. कापसाच्या गाठीमागे रुपया कर बसवून कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, अशी त्याची झेप. राहणाऱ्यांना कोणी काही विचारलं नाही. तेव्हा विचारण्याची पद्धतही नव्हती, संमतीची टक्केवारी शून्य. वेगाला याहून पोषक हवामान कुठलं? तरी योजना सोळा हजारांच्या आसपास खोल्यांवर थांबली, आणि बांधलेल्यांपैकी पुष्कळ खोल्या विसाच्या दशकात रिकाम्या पडून राहिल्या. काँक्रीटच्या त्या कोंदट खोल्या गिरणी कामगाराला नकोशा वाटत आणि भाडंही परवडत नसे. वरळीच्या १२१, नायगावच्या ४२, ना. म. जोशी मार्गावरच्या ३२ आणि शिवडीच्या १२ अशा २०७ बीडीडी चाळी त्या.

आणि शंभर वर्षांनी त्याच चाळींनी उलटा धडा दिला. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर म्हटल्यावर कोण नाही म्हणेल, असं सगळ्यांना वाटत होतं. २०१७ मध्ये भूमिपूजन झालं, पण लोक हलेनात. रहिवाशांच्या संघटना करार मागत होत्या, नोंदणीकृत, हातात कागद येईल असा. तेव्हाही वर्तमानपत्रांतून तोच सूर निघाला: फुकट घर मिळतंय आणि नखरे चाललेत. पुढे म्हाडानं एक साधी गोष्ट केली. नव्या इमारतीत कोणाला कोणतं घर मिळणार याची सोडत खोल्या रिकाम्या करण्याआधीच काढली. माणसाला आपला मजला आणि घराचा क्रमांक आधी कळला, तसे लोक हलू लागले. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. टक्केवारी कमी करून जे झालं नसतं ते एका क्रमांकानं झालं. यात कोणाचं मन वळवावं लागलं नाही. लोकांना पहिल्यापासून हवी होती ती माहितीच.

हरकती-सूचनांविषयीही हेच. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसास्थळं गायब होती, देवळं-शाळांच्या जागी भलतीच आरक्षणं होती. सुमारे ६५ हजार हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्यानं करायला सांगितला. तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली की हरकतींमुळे शहराची वर्षं वाया गेली. वर्षं गेली ती कार्यालयात बसून केलेल्या जमीन-वापराच्या नकाशांमुळे. चुका सापडल्या त्या लोकांमुळे, तेही फुकट. सल्लागार कंपनीला असल्या तपासणीचे किती पैसे मोजावे लागले असते याचा हिशेब कोणी मांडत नाही. भाताची परीक्षा शितावरून होते खरी. पण शीत चेपून बघणाऱ्याचा हात धरला तर भात लवकर शिजत नाही.

हरकतीतून काय काय कळू शकतं याचं एक उदाहरण गिरणगावातलं. तिथल्या चाळींत बायका खानावळी चालवत. एका खोलीत संसार आणि पंधरा-वीस जेवणारे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. अशा खोलीला पुनर्विकासाच्या सर्वेक्षणात रकाने दोनच असतात: निवासी किंवा वाणिज्य. गुमास्ता परवाना नसेल तर निवासी. मग खानावळवालीला मिळतं उंच मनोऱ्यातलं घर, जिथे जेवणारा लिफ्टनं वर येणार नाही आणि सोसायटी त्याला येऊ देणार नाही. ती हरकत घेते तेव्हा ती चौरस फूट मागत नसते, तिसरा रकाना मागत असते. नियमावलीत झोपडपट्टी योजनांसाठी बालवाडी, कल्याण केंद्र, कौशल्य विकास केंद्र, महिला उद्योजकता केंद्र, वाचनालय अशा सोयी लिहिलेल्या आहेत. पण त्या जागा आपल्या आहेत हेच रहिवाशांना माहीत नसतं. मग बालवाडीत सोसायटीच्या जुन्या टाक्या आणि लग्नाचे मंडप साठतात.

माहिती देण्याची कल्पकता आपल्याकडे कधीच नव्हती असंही नाही. पॅट्रिक गेडिस, जे पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, १९१७ च्या सुमारास होळकरांच्या इंदूरचा आराखडा करत होते. प्लेगनं गांजलेल्या शहरात हा साहेब नकाशे घेऊन फिरतो म्हटल्यावर लोक भ्यायले: आता घरं पाडणार. गेडिसनी दिवाळीत मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की ज्या रस्त्यांवरची घरं सर्वांत चांगली साफ आणि दुरुस्त केलेली दिसतील त्या रस्त्यांनी ती जाईल. सगळ्या आळ्या झाडायला लागल्या. मिरवणुकीत घाणीचे राक्षस होते, प्लेगचा उंदीर होता, डास होता. त्यांच्यामागून शुभ्र कपड्यांत, हार घातलेले सफाई कामगार, आणि मग नव्या शहराच्या प्रतिकृती. आपली आळी कशी होणार हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. शेवटी राक्षस जाळले. यातला दरबारी थाट आज नको. एक मात्र घ्यावं. आराखडा आधी दाखवला, तोही रस्त्यावर, आणि मग हात लावला.

स्वयंपुनर्विकासाचा मार्ग निघाला तो याच दिशेनं. सप्टेंबर २०१९ मध्ये शासनानं त्यासाठी सवलतींचा निर्णय काढला, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं कर्जं दिली. सभासदच विकासक झाल्यावर वास्तुविशारदाच्या नकाशापासून सिमेंटच्या दरापर्यंत सगळं सभेत बोललं जातं, आणि 'अडून बसलेली घरं' फारशी ऐकू येत नाहीत. पण याचा जयजयकार करण्याची घाई नको. लहान भूखंड, धडपडी कार्यकारिणी, कर्ज झेपेल असे सभासद असतील तिथेच हे जमतं. पागडीच्या चाळीला, जिथे मालक एक, भाडेकरू वीस आणि पोटभाडेकरू किती ते देव जाणे, तिला हा कोट बसत नाही.

त्या चाळींसाठी सरकारनं म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आणलं: धोकादायक इमारतीच्या मालकाला सहा महिने, नंतर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, तरी प्रस्ताव नाही आला तर म्हाडा ताब्यात घेणार. हेतू चांगला होता. पण नोटिसा धडाधड निघाल्या. इमारत धोकादायक आहे हे कशावरून ठरलं, संरचनात्मक तपासणी कोणी केली, हे नीट न सांगताच निघाल्या. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशा ९३५ नोटिसा रद्द ठरवल्या. ज्या इमारती खरोखर पडायला टेकल्या होत्या त्यांचाही वेळ त्यात गेला. एक अहवाल जोडायचा वाचवला, आणि कोर्टकचेरी पदरात आली.

राहता राहिला एक आक्षेप, आणि तो खासगीत मांडला जातो. इतकी माहिती लोकांना दिली तर त्यांना विकासकाचा नफा कळेल आणि ते जास्त मागतील. कळेल, आणि मागतील. प्रोत्साहनपर चटई क्षेत्र विकासकाच्या घरचं नाही, ते शासनानं रहिवाशांच्या नावानं दिलेलं असतं. त्यातून किती विक्री, किती खर्च, किती हमी, हे विचारणारा रहिवासी काही आगळीक करत नाही. त्याच विकासकाला कर्ज देणारी बँक इरादापत्र, परिशिष्ट-२, नकाशे, मालकी हक्काचा शोध, विक्रीचा अंदाज सगळं मागून घेते, महिनोन्महिने तपासते, शंका आली तर पैसे अडवून धरते. तिला आजवर कोणी विकासविरोधी म्हटलेलं नाही.